मागच्या चाकांकडे बघणाऱ्या मॅडम

आहेर मॅडम रस्त्यात मध्येच थांबायच्या. एखादी लांब गाडी वळायला लागली की त्या स्कूटी बाजूला घेत, एक पाय टेकवत आणि गाडी पुरती वळून जाईपर्यंत खाली डांबराकडे बघत राहत. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, बाईंचं काहीतरी पडलंय. एकदा द्वारका चौकात एका काकांनी बिचाऱ्यांनी वाकून शोधायलाही सुरुवात केली होती. मॅडम मागची चाकं बघत असत. लोखंडी सळया घेऊन चाललेल्या एका ट्रेलरच्या मागे त्या थेट आडगावपर्यंत गेल्या आणि त्या दिवशी वर्गात पाऊण तास उशिरा पोचल्या. आल्या आल्या फळ्यावर एकात एक अशा दोन वाकड्या रेघा काढल्या आणि म्हणाल्या, "बाहेरची पुढच्या चाकांची, आतली मागच्यांची. दोन्हींत केवढं अंतर पडतं ते आज डोळ्यांनी बघून आले."

आमचा थ्रीडी अ‍ॅनिमेशनचा वर्ग नाशिकच्या कॉलेज रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरत असे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही अठरा जण. प्रत्येकाच्या डोक्यात आग ओकणारे प्राणी आणि अंतराळातली युद्धं. मॅडमकडे जो भाग होता तो ऐकायला अगदीच साधा होता: वस्तूला ठरावीक मार्गावरून चालवणं. सॉफ्टवेअरमध्ये हे काम पाच मिनिटांचं आहे. एक वाकडी रेषा काढायची, तिला पाथ म्हणतात. वस्तू त्या पाथला बांधायची. पहिल्या फ्रेमला ती या टोकाला आणि शंभराव्या फ्रेमला त्या टोकाला, एवढं सांगून बटण दाबलं की वस्तू निघाली. मॅडमनी या पाच मिनिटांच्या कामाला तीन आठवडे लावले.

पहिल्या दिवशी तर त्यांनी कॉम्प्युटर चालूच करू दिले नाहीत. देवळ्याला त्यांच्या घरी कांद्याची शेती. तिथून त्या पाण्याचा एक लांबलचक प्लॅस्टिकचा पाइप घेऊन आल्या होत्या. दहा फूट असेल. तो खांद्यावर घेऊन प्रत्येकाने खुर्च्यांच्या मधून वळत दारापर्यंत जायचं, कशालाही न लागता. अठरा जणांपैकी एकालाही जमलं नाही. पुढचं टोक सगळे सांभाळत होते, मागचं टोक कुणाच्या तरी कपाळावर बसत होतं. मी वळले तेव्हा फळ्यावरचं डस्टर खाली आलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सुवर्णा, तू कुठं बघत होतीस?" मी म्हटलं, पुढे. "सगळेच पुढे बघतात," त्या म्हणाल्या आणि पाइप पुढच्या मुलीच्या खांद्यावर दिला.

त्यांचा एक प्रश्न आम्हाला पाठ झाला होता: "कोण चाललंय?" आपण मोठ्या हौसेनं काहीतरी करून दाखवावं आणि त्यांनी पडद्याकडे बघत शांतपणे विचारावं, कोण चाललंय? पाथ एकच असला तरी त्याच्यावरून माशी जाते तशी बस जात नाही, आणि बस जाते तसा वरातीतला घोडा जात नाही. त्या म्हणत, माशी वळल्यावर विचार करते, बस वळण्याआधी करते, घोडा मागून ढोल वाजला तर करतो. आम्ही हसायचो. पण त्यानंतर कुणाची बस एकाच वेगानं मण्यासारखी घरंगळताना दिसली की आमचं आम्हालाच कसंतरी व्हायचं.

लांब गाडीसाठी त्यांची एक पद्धत होती. अख्खी बस पाथला बांधायची नाही. फक्त पुढची चाकं बांधायची. मागची चाकं पुढच्यांना ठरावीक अंतरावर जोडून मोकळी सोडायची, म्हणजे ती ओढली जातात आणि आपली वाट आपणच काढतात. "पुढची चाकं तुम्ही वळवा," त्या म्हणत, "मागच्यांना शिकवू नका. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं." हे शहाणपण त्यांना सॉफ्टवेअरनं दिलेलं नव्हतं. कॉलेजात असताना त्या कांद्यानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून बाजारात नेत आणि तिथे गर्दीत मागे घेत. एरवी अगदी शुद्ध बोलणाऱ्या मॅडम काम मनासारखं जमलेलं दिसलं की नकळत घरच्या बोलीत शिरत. "हां, आते नीट शे," म्हणजे आता नीट आहे, असं त्या म्हणाल्या की आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटे. वर्षभरात ते मला दोनदा मिळालं. त्यातलं एक कसं मिळालं ते सांगायचं आहे.

माझे वडील, अण्णा, एका कारखान्याची कामगारांची बस चालवतात. हरसूलच्या बाजूच्या गावांतून सकाळी माणसं घ्यायची, नाशिकला सोडायची, संध्याकाळी परत न्यायची. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला ओरखडाही गेला नव्हता. आणि माझ्या कोर्सचे शेवटचे तीन महिने उरले असताना घाटातल्या एका वळणावर त्यांच्या बसला समोरून येणारी भाजीची पिकअप धडकली. जीव कुणाचा गेला नाही. पिकअपच्या ड्रायव्हरचा हात मोडला, बसमधल्या दोन बायकांना टाके पडले. कारखान्यानं तीन जणांची चौकशी समिती नेमली आणि ती संपेपर्यंत अण्णांना गाडीवरून उतरवलं.

अण्णांनी त्याच दिवशी लिहून दिलं होतं की मी माझ्या बाजूला होतो, मधली पांढरी रेघ मी ओलांडलेली नाही. पण काचा पडल्या होत्या रेघेच्या पलीकडे. फोटोत ते स्पष्ट दिसत होतं. समितीच्या दृष्टीनं प्रश्न जवळजवळ मिटलेलाच होता: ड्रायव्हर उलट्या बाजूला गेला आणि वर खोटं बोलला. अण्णा मखमलाबादच्या आमच्या घरात ओट्यावर बसून राहू लागले. शेजारी कुणी विचारलं तर सुट्टी काढलीय म्हणत.

वर्गात शेवटचं काम म्हणून प्रत्येकानं एक गाडी एका पाथवरून चालवायची होती. मी कुणाला न सांगता ते वळण निवडलं. मोबाइलवरचे फोटो बघून रस्ता केला, डावीकडचा डोंगर, त्याच्या पायथ्याचं दगडी गटार आणि मोरीचा कठडा केला, मधली पांढरी रेघ काढली आणि अण्णांची बस त्या रेघेच्या आत ठेवून सफाईनं वळवली. हे समितीला दाखवायचं असं मी मनाशी ठरवलं होतं.

मॅडमनी ते एकदा पाहिलं. मग माऊस हातात घेऊन एक-एक फ्रेम पुढे नेत पुन्हा पाहिलं. मग बसवर क्लिक करून तिची मापं उघडली आणि बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिल्या.

"ही बस कुणी आटवली?" त्यांनी विचारलं.

खऱ्या मापाची बस त्या वळणात बसत नव्हती. रेघेच्या आत ठेवली तर मागचं डावं चाक कठड्यातून आरपार जायचं. म्हणून मी बस दहा टक्क्यांनी लहान केली होती. नजरेला काही कळत नव्हतं. मी रडत सगळं सांगितलं. मॅडम माझं संपल्यावर म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये बस भिंतीतून जाते, सुवर्णा. तिथे जात नाही. म्हणजे तुझ्या वडिलांनी रेघ ओलांडली."

मला त्यांचा भयंकर राग आला. पण त्या पुढे म्हणाल्या, "का ओलांडली, हे अजून कुणी विचारलेलं नाही. रविवारी मोकळी आहेस का?"

रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटीवरून गेलो. बरोबर मोजपट्टी, खडू आणि भाकरी-शेंगदाण्याची चटणी. रस्त्याची रुंदी, गटाराची कड, कठड्याचा कोपरा, सगळं त्यांनी दोनदा मोजलं आणि माझ्याकडून तिसऱ्यांदा मोजून घेतलं. मग आम्ही वरच्या बाजूला दगडावर बसून तीन तास गाड्या बघितल्या. दुचाक्या आणि जीपगाड्या आपल्या बाजूनं वळत होत्या. बसएवढी लांब गाडी आली की ती वळणाआधी हळू होई, हॉर्न देई आणि तोंड रेघेच्या पलीकडे काढूनच वळे. एकही लांब गाडी आत राहिली नाही. मॅडम प्रत्येक गाडीमागून रस्त्यावर उतरून चाकांच्या खुणांपर्यंत माप घेत होत्या. पायांत साध्या चपला, डोक्याला ओढणी, एका हातात पट्टी, आणि दुसरा हात मागच्या गाडीला थांबवायला वर. मी त्यांना तसं बघितलं आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

परत येताना त्या आमच्या घरी आल्या. आई गवार निवडत होती, तिला उठू दिलं नाही. अण्णा तेच सांगू लागले, मी माझ्या बाजूलाच होतो. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी फरशीवर खडूनं ते वळण काढलं, मधे रेघ मारली, डोंगराच्या बाजूला गटार दाखवलं. मग आमच्या मोरीतलं टूथपेस्टचं लांबट खोकं आणून अण्णांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अण्णा, ही तुमची गाडी. रोज नेता तशी न्या."

अण्णांनी खोकं खडूच्या रस्त्यावर ठेवलं आणि पुढे सरकवलं. वळणाआधी त्यांचा हात आपोआप मंदावला. मग खोक्याचं तोंड सावकाश उजवीकडे गेलं, रेघेच्या पलीकडे, आणि मागची बाजू कठड्याला न लागता सुटली. तिथे त्यांचा हात थांबला. ते खोक्याकडे बघत राहिले.

"घ्यावंच लागतं, मॅडम," ते म्हणाले. "नायतर मागचं चाक गटारात जातंय. चाळीस माणसं हायेत मागं."

"मग हेच सांगायचं."

"रेघ वलांडली असं मीच लिहून दिलं तर राहिलं काय?"

"तुम्ही ओलांडली आहेच," मॅडम म्हणाल्या. "आत्ता लोकांना वाटतंय बेफिकिरीनं ओलांडली. मी खोटं काही दाखवणार नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही. पण खरं आहे तेवढं सगळं दाखवीन."

दोन दिवस अण्णा जेवायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, लिही. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: माझा पहिला जबाब बरोबर नव्हता, मी घाबरलो होतो.

फाइल मी नव्यानं केली. मॅडम शेजारी बसत, पण माऊसला हात लावत नसत. दोन बस केल्या, दोन्ही खऱ्या मापाच्या. पहिलीची पुढची चाकं रेघेच्या आतल्या पाथवर, दुसरीची अण्णा नेतात त्या पाथवर. मागची चाकं दोन्हींत मोकळी. मला पिकअपही दाखवायची होती, भरधाव येणारी. मॅडमनी विचारलं, तिचा वेग मोजलास का? मी म्हटलं, अण्णा सांगतात फार जोरात होती. त्यांनी मान हलवली. "माहीत नाही ते दाखवायचं नाही. तोही कुणाचा तरी बाप असेल." पिकअपच्या जागी आम्ही फक्त एक राखाडी ठोकळा ठेवला, जिथे काचा सापडल्या होत्या तिथे. काम संपल्यावर मॅडमनी ते शेवटपर्यंत बघितलं, खुर्ची मागे सरकवली आणि हळूच म्हणाल्या, "आते नीट शे."

चौकशीच्या दिवशी मॅडम मागच्या खुर्चीवर बसल्या आणि मला पुढे केलं. काम तुझं आहे, बोलायचं तूच, एवढंच म्हणाल्या. समितीत एक निवृत्त इंजिनियर होते. त्यांनी दोन्ही बस शांतपणे पाहिल्या. पहिलीचं मागचं डावं चाक गटारात उतरताना पाहिलं. मग म्हणाले की पाथ तर तूच काढलायस, मुली. तुला हवा तसाच काढणार तू. मी मागे मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग मीच लॅपटॉप इंजिनियर साहेबांसमोर सरकवला आणि पाथचे बिंदू कसे ओढायचे ते दाखवलं.

त्यांनी चष्मा वर सारला आणि प्रयत्न सुरू केला. वळण आधी घेऊन बघितलं, उशिरा घेऊन बघितलं, रेघेला अगदी चिकटून बघितलं. दहा मिनिटं तरी तो माणूस बस रेघेच्या आत ठेवायला झटत होता. प्रत्येक वेळी मागचं चाक कठड्यावर नाहीतर गटारात. बाकीचे दोघे उठून त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी माऊस सोडला आणि अण्णांना विचारलं, या रस्त्यानं किती वर्षं जाता? अण्णा म्हणाले, सहा. रोज दोन वेळा? हो. इंजिनियर साहेबांनी बाकीच्या दोघांकडे बघितलं. "मला दहा मिनिटांत एकदाही जमलं नाही," ते म्हणाले. "हे रोज करतात."

अण्णा परत गाडीवर रुजू झाले. पहिला जबाब खोटा दिल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती असं ते स्वतः सांगतात. कारखान्यानं त्या फेरीला आखूड बस दिली, आणि वळणावर आरसा बसवावा म्हणून अर्ज केला. आरसा पुढे कितीतरी महिन्यांनी बसला. पण बसला.

मॅडमनी यातलं काहीच वर्गात सांगितलं नाही. त्यांनी वेगळंच केलं. नवी बॅच सुरू झाली तेव्हा अण्णांना शनिवारी वर्गावर बोलावलं. अण्णा नको नको म्हणत होते, सातवी शिकलेला माणूस पोरांपुढे काय बोलणार. शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारात चपला काढू लागले तर मॅडमनी काढू दिल्या नाहीत. मुलांना सांगितलं, आज लांब गाडी कशी वळते ते अण्णा सर शिकवतील. आणि स्वतः वही घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. अण्णा आधी पाच मिनिटं फळ्याकडे तोंड करूनच बोलले. मग एका मुलानं विचारलं की पाऊस असेल तर काय करायचं, आणि त्यानंतर त्यांना थांबवावं लागलं. मॅडम शेवटपर्यंत लिहीत होत्या. मी, कोर्स संपवून आता मॅडमच्या हाताखाली शिकवायला लागलेली, मागे भिंतीला टेकून उभी होते. दोघांपैकी कुणाचा जास्त अभिमान वाटतोय ते मला ठरवता येईना.

पुढच्या वर्षी मॅडमना हैदराबादला काम मिळालं. नव्या ड्रायव्हरना खऱ्या रस्त्यावर जाण्याआधी पडद्यासमोर बसवून सराव देतात, तसलं यंत्र बनवण्याचं. त्यांच्याएवढं त्या कामाला लायक माणूस मला तरी माहीत नाही. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. शुक्रवारी नेहमीसारख्या पाच वाजता निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, सोमवारपासून सकाळची बॅच तुझी. मी म्हटलं, मला सगळं कुठे येतं? त्या म्हणाल्या, "मलाही येत नव्हतं. जे येत नाही तिथे मुलांना घेऊन जा आणि त्यांच्याबरोबर बघ." आणि स्कूटीला किक मारून गेल्या. ती बॅच मी आता चौथं वर्ष शिकवते आहे.

गेल्या हिवाळ्यात त्या देवळ्याला घरच्या लग्नाला आल्या होत्या. येताना नाशिकला दोन दिवस थांबल्या. काय बघायचंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, अण्णांच्या गाडीत बसायचंय. कारखान्याची परवानगी काढली. संध्याकाळच्या फेरीला त्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या, शेजारी मी. अण्णा गाडी चालवताना कुणाशीच बोलत नाहीत, आणि फेरी संपेपर्यंत सीटवरून उठत नाहीत. घाट उतरल्यावर पहिला थांबा आला. माणसं पिशव्या उचलून उतरायला लागली. तेव्हा अण्णांनी गाडी बंद केली. उठले, मागे वळले आणि दोन्ही हातांनी सगळ्यांना थांबायची खूण केली.

"ह्या माझ्या मॅडम हायेत," ते म्हणाले.

उतरणाऱ्या माणसांना काय करावं ते कळेना. मग दारातल्या एका बाईनं पिशवी खाली ठेवून हात जोडले, आणि तिचं बघून सगळ्या बसनं.